दह्याच्या वाटीत औषध नको

प्रयोगशाळेत जनुके बदललेले जिवाणू दह्यात किंवा ताकात घालायचे, ते रोज जेवणाबरोबर घ्यायचे आणि मधुमेह, लठ्ठपणा, यकृतावरची चरबी असले चयापचयाचे आजार आटोक्यात ठेवायचे, ही कल्पना सध्या भलतीच लाडकी झाली आहे. चाहते म्हणतात, सुई नको, गोळी नको, खाता खाता उपचार. विरोधक म्हणतात, हा जीएमचाच नवा अवतार, दारातूनच परत पाठवा. भांडण कडाक्याचे असले तरी दोघांच्या मनातला प्रश्न एकच आहे: असा जिवाणू घडवणे चांगले की वाईट? मला हा प्रश्नच उथळ वाटतो. जिवाणू घडवता येतो हे केव्हाच सिद्ध झाले आहे. घडवलेल्या जिवाणूला पोटात पाठवताना कोणत्या खात्यात मांडायचे, यावर मात्र कोणी बोलत नाही.

माझे म्हणणे असे. जनुके बदललेला जिवाणू काही मोजक्या आजारांत औषध ठरू शकेल. पण औषध म्हणून त्याच्याकडून काम घ्यायचे ठरले की त्याला अन्न म्हणता येणार नाही. औषधाला मात्रा लागते, ते घेणारा ठरावीक माणूस लागतो, थांबवण्याची सोय लागते आणि काम झाले नाही तर ते मागे घेण्याची व्यवस्था लागते. अन्नाच्या वाटेने गेले की या चारही गोष्टी एकेक करून हातच्या सुटतात. त्या कशा सुटतात हे क्रमाने पाहू.

१. खाणारा जिवाणू आणि सांगणारा जिवाणू

जिवाणूकडून उपचाराचे काम दोन रीतींनी करून घेता येते. आतड्यात आलेला नको तो पदार्थ त्याने खाऊन टाकायचा, ही एक. शरीराला एखादा संदेश पोचवणारे रसायन त्याने तयार करायचे, ही दुसरी. पहिल्याला खाणारा म्हणू, दुसऱ्याला सांगणारा. लोकप्रिय लेखनात या दोघांची सरमिसळ होते आणि एकाचे यश दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

खाणाऱ्याचे सर्वांत चांगले उदाहरण फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू या जन्मजात आजारातले आहे. डाएट कोल्ड्रिंकच्या कॅनवर बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर फिनाइलकीटोन्युरिक्स’ असे छापलेले असते, ते याच रुग्णांसाठी. प्रथिनांत फेनिलॲलनिन नावाचे अमिनो आम्ल असते. ते पुढे बदलणारे यकृतातले एन्झाइम या मुलांत नसते किंवा फार दुबळे असते. आम्ल रक्तात साठत जाते, मेंदूत पोचते आणि मुलाची बौद्धिक वाढ कायमची खुंटते. नॉर्वेतल्या आस्ब्यॉर्न फोलिंग या डॉक्टरांनी १९३४ साली हा आजार ओळखला. दोन मतिमंद मुलांच्या लघवीला येणारा चमत्कारिक वास आईने त्यांच्या कानावर घातला होता. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकले आणि ती हिरवी झाली. १९५३ मध्ये बर्मिंगहॅमला होर्स्ट बिकेल यांनी कमी फेनिलॲलनिनचा आहार देऊन पाहिला. तोच आहार आजही उपचाराचा कणा आहे. दूध, दही, डाळ, अंडी, मांस जवळजवळ बंद, पोळी-भाकरीसुद्धा मोजून, आणि प्रथिनांची गरज भागवायला उग्र वासाची, कडवट भुकटी, तीही जन्मभर.

या आजारासाठी अमेरिकेतल्या सिन्लॉजिक कंपनीने जो जिवाणू घडवला त्याचे मूळ जुने आहे. पहिल्या महायुद्धात सैनिक हगवणीने आडवे होत असताना एक सैनिक मात्र ठणठणीत राहिला. फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निस्ले यांनी १९१७ साली त्याच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक वाण वेगळा केला. तो ‘निस्ले १९१७’ या नावाने ओळखला जातो आणि जर्मनीत पोटाच्या तक्रारींवर औषध म्हणून विकला जातो. माणसाच्या आतड्याला परिचित असलेल्या या वाणात संशोधकांनी फेनिलॲलनिन मोडणाऱ्या एन्झाइमांची जनुके घातली. त्यातले एक फोटोरॅब्डस या जिवाणूकडून उसने घेतलेले आहे. ही जनुके आतड्यासारख्या कमी ऑक्सिजनच्या ठिकाणीच जागी होतात. शिवाय पेशीभिंतीसाठी लागणारा एक घटक स्वतः तयार करण्याची त्याची क्षमता काढून घेतली आहे. तो घटक बाहेरून मिळाला नाही तर जिवाणू वाढू शकत नाही. फेनिलॲलनिन मोडले की सिनॅमिक आम्ल तयार होते, शरीर त्याचे हिप्युरिक आम्ल करते आणि ते लघवीतून बाहेर पडते. म्हणजे जिवाणूने आज किती काम केले हे लघवी तपासून सांगता येते. माझ्या मते या सगळ्या रचनेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. कोणता रेणू, कुठे, किती, आणि पुरावा काय, या चारही प्रश्नांना तिथे उत्तर आहे.

२. मात्रेचा हिशेब

आता ही रचना दह्याच्या वाटीत बसवून पाहू. या जिवाणूच्या चाचण्यांत एका वेळची मात्रा एक लाख कोटी जिवंत पेशींपर्यंत नेली होती, आणि ती दिवसातून तीनदा, जेवणाबरोबर. दह्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार एका ग्रॅममध्ये विरजणाचे किमान एक कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. भागाकार सोपा आहे: औषधाची एक मात्रा म्हणजे किमान मानकाचे १०० किलो दही. दही उत्तम लागले आणि जिवाणू दसपट भरले, तरी एका जेवणाला १० किलो. भारतात प्रोबायोटिक म्हणून विकायच्या पदार्थासाठी जी किमान संख्या ठरवली आहे ती दिवसाला १० कोटी, म्हणजे या एका मात्रेच्या दहा हजारावा हिस्सा.

कोणी म्हणेल, मग दह्यात जिवाणूची भुकटी वरून मिसळू. मिसळा. पण मग दह्याचे काम फक्त चव झाकण्याचे उरले. ते औषधाचे अनुपान झाले.

आणि एवढी मात्रा देऊन काय हाती लागले? सुधारित वाणाने दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत उपाशीपोटीचे फेनिलॲलनिन सरासरी सुमारे ३४ टक्क्यांनी उतरवले. आकडा कमी नाही. पण आहार न पाळणाऱ्या गंभीर रुग्णाच्या रक्तात ते लिटरला १,२०० मायक्रोमोलच्या वर असते आणि सुरक्षित पट्टा १२० ते ३६० चा मानतात. १,२०० मधून ३४ टक्के गेले तरी जवळपास ८०० उरतात. म्हणजे एका रेणूपुरत्या, नीट समजलेल्या आजारातही हा जिवाणू आहाराची जागा घेत नाही. फार तर थोडी मोकळीक देतो.

३. मधुमेहात खाणारा जिवाणू हरतो

इथून मधुमेहाकडे उडी मारणारे लोक प्रमाण विसरतात. ५० ग्रॅम प्रथिने खाणाऱ्याच्या पोटात दिवसाला अडीच ग्रॅमच्या आसपास फेनिलॲलनिन जाते. तोच माणूस भात, पोळी, साखर मिळून २५०-३०० ग्रॅम कर्बोदके सहज खातो. एक लाख कोटी ई. कोलायचे ओले वजन साधारण एक ग्रॅम भरते. त्या एका ग्रॅमला दोन-अडीच ग्रॅमचा भार पेलताना दम लागतो, तर शंभरपट भार कसा पेलणार? त्यातून हे सारे लहान आतड्यात, साखर रक्तात शोषली जाण्याआधी उरकायचे. समजा पेलला, तर एवढी साखर आंबवल्यावर जो वायू आणि जी आम्ले तयार होतील त्यांनी पोटाचे काय होईल, हे दुधाचा लॅक्टोज न पचणारा कोणीही सांगेल.

म्हणून मधुमेहात सांगणारा जिवाणू पुढे येतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या जॉन मार्च यांच्या गटाने २०१५ साली लॅक्टोबॅसिलस गॅसेरीला जीएलपी-१ हा संप्रेरकाचा रेणू स्रवायला लावले. मधुमेही उंदरांना तो दिल्यावर त्यांच्या आतड्याच्या वरच्या भागातल्या काही पेशी इन्सुलिन तयार करू लागल्या आणि रक्तशर्करा उतरली. त्याआधी वर्षभर व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गटाने निस्लेच्याच वाणाला भूक शमवणाऱ्या एका मेदाम्लजन्य रेणूचे जनुक दिले होते. पाण्यातून तो घेणारे उंदीर चरबीयुक्त खाऊनही कमी लठ्ठ झाले. दोन्ही कामे मोठ्या हुशारीची आहेत, त्यांच्यावर माझा रोख नाही.

रोख आहे तो पुढच्या उडीवर. जीएलपी-१ वर्गातली औषधे आता सर्वांना माहीत झाली आहेत. वजनासाठी सेमाग्लुटाइड सुरू करताना आठवड्याला पाव मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि महिन्या-महिन्याने वाढवत २.४ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. का? मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ सोसवत नाहीत म्हणून. मात्रेची ही पायरी-पायरीची चढण म्हणजेच त्या औषधाची सुरक्षितता. आतड्यात बसून संप्रेरक स्रवणाऱ्या जिवाणूला पाव मिलिग्रॅमवर थांब असे कोण सांगणार? त्याची संख्या काल काय खाल्ले, कोणते प्रतिजैविक घेतले, शेजारी कोणते जिवाणू आहेत यावर ठरते. खाणाऱ्याने थोडे कमी काम केले तर रुग्ण आहे तिथेच राहतो. सांगणाऱ्याने थोडे जास्त काम केले तर तो नवा आजार आहे.

आणि मधुमेह म्हणजे नेमके काय बिघडले आहे, हेही आपल्याकडे सरळ नाही. आयसीएमआर-इंडियाब पाहणीने २०२३ मध्ये देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख मांडली. त्यातले अनेक दिसायला लठ्ठही नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले होते. दोघे शेजारी उभे, दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्यातल्या याच संशोधकांच्या अभ्यासाने पुढे दाखवले की गरोदरपणात आईचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मुलात लहानपणीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसते. ज्या आजाराची मुळे गर्भापर्यंत जातात, तो पंचेचाळिशीत आतड्यातल्या एका पाहुण्याने परतवावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

४. राहिला तर पंचाईत, गेला तरी पंचाईत

जिवाणू पोटात गेल्यावर टिकतो का? इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ साली निरोगी माणसांच्या आतड्यात दुर्बीण घालून पाहिले. काहींच्या आतड्याच्या अस्तरावर प्रोबायोटिक जिवाणू वसले, काहींच्या आतड्याने त्यांना थाराच दिला नाही, आणि विष्ठा तपासून दोन्ही गटांतला फरक नीट कळत नव्हता. निस्लेचा बदललेला वाण मुळात टिकावा म्हणून केलेलाच नाही. तो काही दिवसांत निघून जातो. हा त्याचा गुण आहे. पण म्हणूनच तो रोज, तीन वेळा घ्यावा लागतो.

टिकणारा हवा असेल तर आतड्यातल्याच रहिवाशाला हाताशी धरावे लागते. सॅन डिएगोतल्या अमीर झरिनपार यांच्या गटाने २०२२ मध्ये उंदराच्या स्वतःच्या आतड्यातला ई. कोलाय बाहेर काढून, पित्ताम्लांवर काम करणारे जनुक त्याला देऊन परत पोटात पाठवला. एकदाच दिलेला तो जिवाणू महिनोन्महिने राहिला आणि उंदरांची शर्करा हाताळण्याची क्षमता सुधारली. स्टॅनफर्डच्या संशोधकांतून उभ्या राहिलेल्या नोव्होम कंपनीने आणखी पुढची शक्कल काढली. नोरी नावाच्या समुद्री शेवाळात पॉर्फिरन हे कर्बोदक असते. बहुतेक माणसांच्या आतड्यातले जिवाणू ते खाऊ शकत नाहीत. कंपनीने एका बॅक्टेरॉइडिसवर्गीय जिवाणूला पॉर्फिरन पचवायला शिकवले आणि शिवाय मूतखड्याला कारण होणारे ऑक्झलेट मोडायचे काम दिले. पॉर्फिरन देत राहा, तो राहील; बंद करा, तो उपाशी मरेल. नियंत्रणाची याहून देखणी रचना माझ्या पाहण्यात नाही.

माणसांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. जिवाणू वसला, बऱ्याच जणांत पॉर्फिरनच्या मात्रेनुसार वाढला आणि घटला. पण काहींच्या आतड्यात त्याने शेजाऱ्यांशी जनुकांची देवघेव केली, त्यातून पॉर्फिरनवाचूनही तग धरणारी प्रजा निघाली, आणि ऑक्झलेट मोडण्याचे काम बिनसलेली रूपेही आढळली. संशोधकांनी ते लपवले नाही, याचे मला कौतुक आहे. ज्याचे ओझे वाहावे लागते ते जनुक टाकून देणे जिवाणूला फायद्याचेच असते. लाखो कोटींच्या संख्येत, तासा-तासाला दुप्पट होणाऱ्या जिवाच्या बाबतीत असा फितूर निघणार हे गृहीतच धरायला हवे. चाचणीत हे पकडले गेले, कारण तिथे प्रत्येक माणसाची विष्ठा जनुकांपर्यंत तपासली जात होती. किराणा दुकानातून दह्याचा कप घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकाची कोण तपासणार?

५. विरजणाचा पेच

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि परदेशी लेखनात तो सापडणार नाही. अमेरिकेत योगर्टचा कप खाऊन फेकतात. आपल्या घरात विकतच्या दह्याच्या कपातले चमचाभर काढून कोमट दुधात घालतात. दही आंबट होऊ लागले, तार सुटू लागली की शेजारून किंवा डेअरीतून नवे विरजण येते. रात्री दूध लावले की सकाळी तोच जिवाणू कैक पटींनी वाढून तयार. मग तेच दही शेजारी, माहेरी, पाहुण्यांकडे.

अशा स्वयंपाकघरात औषधी जिवाणूचे दही आले तर काय होईल? दोनच शक्यता आहेत. जिवाणू विरजणातून वाढण्याइतका सशक्त असला, तर सासऱ्यांच्या मधुमेहासाठी आणलेला उपचार आठवड्याभरात गरोदर सुनेच्या आणि दोन वर्षांच्या नातवाच्या पोटात असेल, आणि त्याची मात्रा रात्रीचे तापमान आणि दुधातली साय ठरवेल. त्याला मुद्दाम पंगू केले असेल, म्हणजे बाहेरचा घटक मिळाल्यावाचून तो वाढूच शकणार नसेल, तर विरजण लागणार नाही किंवा लागले तरी त्यात दुसरेच जिवाणू असतील. घरच्यांना वाटेल औषध चालू आहे. प्रत्यक्षात ते साधे दही असेल.

कायदा हे रोखेल, असे म्हणणाऱ्यांनी कपाशी आठवावी. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कपाशीला देशात परवानगी नव्हती. तरी तिचे बियाणे गावोगाव पोचले, आणि २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून आंदोलन केले. त्या आंदोलनाची बाजू इथे बरोबर-चूक ठरवायची नाही. मुद्दा एवढाच की संकरित कपाशीचे बियाणे दरसाल नव्याने घ्यावे लागते, तरी ते सरकारला आवरले नाही. विरजणाला तर बियाण्याचे दुकानही लागत नाही.

६. चार आक्षेप

‘दही हजारो वर्षे खातोय, चांगल्या जिवाणूंना कसली भीती?’ नेदरलँड्समधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली ‘लॅन्सेट’ने छापले. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक मिश्रण दिले होते. ते घेणाऱ्यांपैकी १६ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी ६ टक्के. त्या मिश्रणात एकही जिवाणू जनुके बदललेला नव्हता. दुसरी गोष्ट खुद्द निस्लेच्या वाणाची. औषध म्हणून कित्येक दशके वापरून झाल्यावर कळले की त्याच्याकडे डीएनएला इजा करणारे कोलिबॅक्टिन हे विष तयार करणारी जनुके आहेत. ती काढून टाकण्याचा मार्ग जनुके बदलण्याचाच आहे. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत इथे दोन्ही बाजूंनी कोसळते.

‘जनुके बदललेले काहीच पोटात नको.’ ही बस केव्हाच सुटली. १९८२ पासून मधुमेही जे मानवी इन्सुलिन टोचून घेतात ते जनुके बदललेल्या जिवाणूंनी किंवा यीस्टने तयार केलेले असते. पिझ्झ्यावरचे चीज घट्ट करणारे कायमोसिनही बहुतांश अशाच सूक्ष्मजीवांकडून येते. वासराच्या पोटातले रेनेट त्यामुळे फारसे लागेनासे झाले, आणि शाकाहाऱ्यांची त्याला तक्रार नसते. पण या दोन्ही ठिकाणी सूक्ष्मजीव कारखान्यातच राहतो, आपल्याकडे फक्त त्याचा माल येतो. तंत्राला विरोध करण्यात अर्थ नाही. कामगार कारखान्यात आहे की आपल्या आतड्यात, हा भेद मात्र धरून ठेवायलाच हवा.

‘आयोडीन नाही का मिठात घातले?’ घातले, आणि फार चांगले झाले. पण का जमले ते पाहावे. आयोडीन सगळ्यांनाच लागते. माणूस दिवसाला मीठ किती खातो याचा अंदाज बांधता येतो. घरापर्यंत पोचताना मिठात ते किमान १५ पीपीएम असावे हे ठरवता आणि तपासता येते. थोडे जास्त गेले तर बहुतेकांना काही होत नाही. आणि आयोडीन डब्यात वाढत नाही. औषधी जिवाणू यातल्या एकाही कसोटीला उतरत नाही. उलट आतड्यातल्या अक्करमान्सिया या जिवाणूची गोष्ट पाहा. बेल्जियममधल्या चाचणीत लठ्ठ आणि इन्सुलिनला दाद न देणाऱ्या स्वयंसेवकांना तो तीन महिने दिला. २०१९ साली निकाल आले. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला तो पाश्चरीकरण करून मारलेल्या जिवाणूने, जिवंत जिवाणूने तितका नाही. वजनात मोठा फरक पडला नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये अन्न म्हणून सुरक्षित ठरवला तोही हा मेलेलाच, आणि त्याची जनुकेही कोणी बदललेली नाहीत. अन्नाच्या खात्यात असा पदार्थ बसतो याचे मला आश्चर्य वाटत नाही. त्याची मात्रा कारखान्यात मोजली की घरी तेवढीच राहते.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि तो मी सहज झटकणार नाही. ‘इंजेक्शने महाग आहेत. स्वतःच वाढणारे औषध गरिबाला फुकटात मिळत असेल तर तुम्ही आडवे येणारे कोण?’ स्वतः वाढण्यातच स्वस्ताई आहे, हे खरे. पण सुरक्षेसाठी जिवाणूला पंगू केले की ती स्वस्ताई त्याच क्षणी संपते: प्रत्येक कप विकत घ्यावा लागतो, शीतसाखळी लागते, पेटंटधारकाला त्याचा वाटा द्यावा लागतो. पंगू केले नाही तर गरिबाला मिळते ते मात्रा नसलेले औषध. श्रीमंताला मिलिग्रॅममध्ये मोजलेले इंजेक्शन आणि गरिबाला अंदाजपंचे विरजण, ही वाटणी मला न्यायाची वाटत नाही. दरम्यान रासायनिक औषधांची पेटंटे संपतात, जेनेरिक कंपन्या उतरतात, किमती पडतात. तो रस्ता आपल्या देशाला चांगला ठाऊक आहे.

७. बंद पडलेल्या चाचणीकडून

पीकेयूच्या जिवाणूची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी फेब्रुवारी २०२४ मध्ये थांबवली गेली. सुरक्षिततेची अडचण नव्हती. तोवरची माहिती तपासल्यावर ठरलेले उद्दिष्ट गाठले जाण्याची शक्यता दिसेना, म्हणून कंपनीने स्वतःच काम बंद केले. अनेकांनी याला या क्षेत्राचा पराभव म्हटले. माझा निष्कर्ष वेगळा आहे. औषध म्हणून नोंदवलेले असल्यामुळेच त्याला उद्दिष्ट होते, तुलनेसाठी निष्क्रिय मात्रा घेणारा गट होता, आणि ‘जमत नाही’ हे कळण्याची जागा होती. याच्या शेजारी अमेरिकेतलेच दुसरे उदाहरण ठेवा. मद्यपानानंतर तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड मोडावे म्हणून जनुके बदललेला बॅसिलस सबटिलिस असलेले झीबायोटिक्स हे पेय २०१९ पासून तिथे विकले जाते. ते अन्नाच्या वाटेने आले आहे, त्यामुळे आजार बरा करण्याचा दावा करत नाही आणि तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीची त्याला गरजही पडली नाही. ते काम करते की नाही, याचा निकाल गिऱ्हाईक सकाळी उठल्यावर आपल्या डोक्याला विचारून लावतो. दारूच्या उताऱ्यापुरते हे चालून जाईल. मुलाच्या मेंदूचा प्रश्न असेल तिथे चालणार नाही.

म्हणून आपल्या नियमांत आजच एक रेघ ओढून घ्यावी: जनुके बदललेला जिवंत सूक्ष्मजीव आजारासाठी द्यायचा असेल तर तो औषध नियंत्रकाकडे जाईल, अन्न परवान्याच्या खिडकीवर येणार नाही. कुपीवर किंवा पुडीवर मात्रा असेल, चिठ्ठीवाचून मिळणार नाही, आणि विरजण लागेल अशा कोणत्याही पदार्थात घालून विकता येणार नाही. जनुकसंस्कारित जीवांसाठी आपल्याकडे १९८९ चे पर्यावरण नियम आहेत, अन्नासाठी वेगळे प्राधिकरण आहे, औषधांसाठी तिसरे. अशा तीन दारांच्या घरात माल नेहमी सर्वांत सैल दारातून आत येतो.

आणि या जिवाणूची खरी गरज कोणाला आहे, तेही पाहिले पाहिजे. पीकेयूसारखे आजार केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात आहेत आणि मुंबईचे केईएम त्यासाठीच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. पण बाळाला हा आजार आहे हे कळणार कसे? जन्मल्यावर एक-दोन दिवसांनी टाचेतून रक्ताचे थेंब काढून कागदावर टिपायचे आणि तपासायचे, ही पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवून दिली. गोव्याने २००८ साली राज्यभर नवजात बालकांच्या अशा तपासणीला हात घातला. महाराष्ट्रात आजही ती प्रत्येक बाळाच्या वाट्याला येत नाही. निदानच झाले नाही तर भुकटीही नाही, जिवाणूही नाही. मूल चालायला-बोलायला उशीर लावू लागते तोवर मेंदूचे नुकसान होऊन गेलेले असते. औषधी दह्याच्या घोषणांवर खर्च होणाऱ्या उत्साहातला आणि पैशातला थोडा वाटा प्रसूतिगृहांतल्या त्या कागदावर पडला, तर उद्या खराच उपयोगी जिवाणू हाती आल्यावर तो द्यायला रुग्ण वेळेवर सापडलेला असेल.